एआय इमेजेसमधली मूडी पोर्ट्रेट स्टाइल
एआय मॉडेलने बनवलेल्या चेहऱ्याला अंधाऱ्या, गंभीर पोर्ट्रेट फोटोग्राफीचा लुक देणं म्हणजे ही स्टाइल. लाइट एकाच बाजूने, मागे जवळपास काळं, रंग फिके, थोडं ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मसारखे बारीक दाणे. फोटोग्राफर याला लो-की लायटिंग म्हणतात, पण मूळ चित्रकलेतलं आहे, १६०० च्या आसपास कॅराव्हॅज्जोने आणि पुढे रेम्ब्रांटने उजेड-सावलीचा हाच खेळ रंगवलाय. रेम्ब्रांट लायटिंग हे नाव तिथूनच आलं: लाइट बाजूने आणि थोडा वरून पडतो आणि सावलीतल्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा छोटासा त्रिकोण उरतो. तो त्रिकोण दिसला की समजायचं लाइट बरोबर बसलाय.

प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला लिहून दिलेल्या सूचनेत, नुसतं 'मूडी' लिहून भागत नाही, बरेच जण इथेच अडकतात. तेवढ्यावर बऱ्याचदा चेहरा उदास होतो, सगळीकडे निळसर छटा चढते आणि लाइट मात्र सपाटच राहतो. त्यापेक्षा लाइटच सांगावा: डावीकडे एकच खिडकी, दुसरा गाल अंधारात, मागे काही दिसत नाही, ८५ एमएम लेन्स (पोर्ट्रेटसाठी वापरतात ती). मूड आपोआप येतो.

स्टेबल डिफ्यूजन हे इमेज बनवणारं एआय मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा त्याला खरा अंधार जमतच नव्हता, आणि याचं कारण फार मस्त आहे. ट्रेनिंगमध्ये फोटोवर टप्प्याटप्प्याने नॉइज, म्हणजे विस्कटलेले ठिपके, चढवतात आणि मॉडेलला तो काढायला शिकवतात, पण अगदी शेवटच्या टप्प्यातही मूळ फोटो एकूण उजळ होता की गडद याचा थोडा माग उरायचा आणि मॉडेल त्यावरच विसंबायला शिकलं. इमेज बनवताना मात्र सुरुवात कोऱ्या नॉइजपासून होते, त्याची सरासरी कायम मधलीच, म्हणून काळं मागितलं तरी करडं यायचं, एका बाजूला अंधार केला की दुसरीकडे उजेड वाढवून मॉडेल हिशोब जुळवायचं. २०२३ च्या सुरुवातीला ऑफसेट नॉइजची युक्ती आली, म्हणजे ट्रेनिंगच्या नॉइजमध्येच पूर्ण इमेजला एकसारखं उजळ किंवा गडद करणारी थोडी भर टाकायची, आणि मग कुठे गडद काळे मिळायला लागले.

आधीच बनलेल्या इमेजवर स्टाइल चढवायची असेल तर इमेज-टू-इमेज वापरतात, म्हणजे मॉडेलला प्रॉम्प्टसोबत ती इमेजही देतात. डीनॉइझिंग, म्हणजे मूळ इमेज किती बदलायची याचा ० ते १ मधला आकडा, साधारण ०.३ ते ०.५ ठेवलं तर चेहरा बराचसा टिकतो, फार वर नेलं की माणूसच बदलतो. एकच लुक पुन्हापुन्हा हवा असेल तर लोरा, म्हणजे मॉडेलला त्या लुकची सवय लावणारी छोटी जोड-फाइल, ट्रेन करतात. नंतर एडिटिंगमध्ये नुसतं एक्सपोजर खाली ओढणं हा काही पर्याय नाही, सावल्या जिथे होत्या तिथेच राहतात, फोटो फक्त मळकट दिसतो. त्वचा गडद असेल तर त्याने चेहऱ्याची ठेवणच बुडते, अशा वेळी प्रॉम्प्टमध्ये रिम लाइट, म्हणजे चेहऱ्याची कड उजळणारा लाइट, मागावा.

शेवटी झूम करून डोळे बघावेत. बुबुळातला चमकता ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, आणि गालावरचा उजेड ज्या बाजूने येतोय त्याच बाजूला.