लेझरने ग्राफ्टची जखम जळते का?

"स्किन ग्राफ्टवर लेझर मारला की नवी कातडी जळते" असा मेसेज फिरतोय (स्किन ग्राफ्ट म्हणजे अंगावरच्या दुसऱ्या जागची कातडी काढून जखमेवर लावणं). लेझर म्हटलं की कापणं-जाळणंच डोळ्यापुढे येतं, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे.

पण कापायचा कार्बन डायऑक्साइड लेझर १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा (म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी), तो पेशीतलं पाणी उकळवतो. जखमेसाठीचा लो-लेव्हल, म्हणजे कमी ताकदीचा लेझर साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरचा आणि पॉवर बहुतेकदा ५०० मिलीवॅटच्या आत, म्हणून कातडी फारशी तापतच नाही, प्रकाश पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियावर (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागांवर) काम करतो असं मानतात. मशीनवरचं लेबल बघा, नॅनोमीटर आणि मिलीवॅट दोन्ही लिहिलेले असतात. डोळ्यांना मात्र धोका असतो, चष्मा हवाच!

आणि हो, ही जादूपण नाही, ड्रेसिंग आणि ग्राफ्ट न हलवणं याला पर्याय नाही.