सर्व्हिसचा दिवा विझवणे म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे

‘सर्व्हिसचा दिवा लागला तर स्वस्तातला स्कॅनर जोडून तो घरीच घालवा, गॅरेजचा खर्च वाचतो,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे.

बहुतेक गाड्यांत हा दिवा इंजिन ऑइल तपासून लागत नाही. मागच्या सर्व्हिसिंगनंतर किती किलोमीटर झाले आणि किती महिने लोटले, याची ती मोजणी असते. काही गाड्या त्यात इंजिनाचे तापमान आणि फेरेही धरतात. रीसेट केल्यावर शून्य होते ती ही मोजणी. चेंबरमधले ऑइल आणि फिल्टर जुनेच राहतात.

दुसरा घोळ स्कॅनरचा आहे. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या ओबीडी (गाडीतले बिघाड तपासण्याच्या) सॉकेटला लागणारा साधा स्कॅनर ‘चेक इंजिन’ दिव्यामागचे बिघाडाचे कोड वाचतो आणि पुसतो. सर्व्हिसचा दिवा प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र पद्धतीने रीसेट होत असल्याने तो अशा स्कॅनरने बहुधा जातच नाही. उलट, ज्यावरून मेकॅनिकला बिघाड सापडला असता, ते कोड मात्र नाहीसे होतात. पुष्कळ गाड्यांत तर डॅशबोर्डवरचे बटण दाबून धरणे पुरते, आणि ती कृती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ऑइल आणि फिल्टर खरोखर बदलले असतील, तर घरी रीसेट करण्यात काहीच गैर नाही.

पडताळा सोपा आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून पुन्हा बुडवावी आणि दोन खुणांमधली पातळी रीसेटच्या आधी व नंतर पाहावी. ती तीच असते. केवळ रंगावरून मात्र ठरवू नये, कारण डिझेल इंजिनात नवे ऑइलही लवकर काळे पडते. मागच्या बिलावरचे किलोमीटर आणि तारीख ओडोमीटरशी ताडून पाहणे अधिक भरवशाचे.