कळशीतला आवाज का चढतो?

उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. नळाखाली कळशी लावून शेजारणीशी बोलणारी बाई कळशीकडे पाहतही नाही, तरीही पाणी गळ्याशी आले की तिचा हात बरोबर तोटीवर जातो. नववीच्या वर्गात वारंवारितेची, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येची, व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी मी हाच प्रसंग विचारते. कळशी भरत आल्याचे कानाला कसे कळते, याचे उत्तर बहुतेक मुलींना आधीच ठाऊक असते: आवाज सुरुवातीला जाड असतो आणि पुढे बारीक होत जातो.

पडणाऱ्या पाण्यामुळे कळशीतली हवा कंप पावते. पाणी वर येते तशी आत हवा कमी उरते, आणि हवेचा साठा जितका लहान तितकी तिची कंपने जलद होतात. कळशीच्या फुगीर आकारामुळे हिशेब अवघड होतो, म्हणून आम्ही प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा बादलीतल्या पाण्यात उभा बुडवून वरच्या तोंडावर फुंकर मारतो. एका बाजूने बंद असलेल्या नळीत मूळ सुराची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या साधारण चौपट असते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला तरंगलांबीने भागले, तर पाण्यावर ३० सेंटिमीटर नळी उरली असताना सुमारे २८६ हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या कंपनांचा) आणि १० सेंटिमीटर उरली असताना सुमारे ८५८ हर्ट्झचा सूर निघतो. पाइप वरखाली करताना हा बदल मुलांना स्पष्ट ऐकू येतो.

खरी अडचण इथेच येते, आणि ती आपल्या भाषेत दडलेली आहे. ‘आवाज चढला’ असे आपण सूर उंच झाला तरी म्हणतो आणि कोणी रागाने मोठ्याने बोलू लागले तरी म्हणतो. त्यामुळे मोठा आवाज म्हणजे जास्त वारंवारिता, असे चांगली मुलेही लिहितात. हा घोळ हलगीने सुटतो. एकच हलगी आधी हळू आणि मग जोरात वाजवली, तर कंपनांचा आयाम, म्हणजे कातडे किती लांब हेलकावते तो आवाका, वाढून आवाज मोठा होतो, पण सूर जवळजवळ तोच राहतो. तीच हलगी जाळावर शेकली, की ओलावा उडून कातडे ताणले जाते आणि हळू वाजवली तरी सूर वर जातो. हलगीवाले वाजवण्याआधी ती का शेकतात, हे त्यांच्या घरातली मुले माझ्यापेक्षा नेमके सांगतात, आणि त्या तासाला वर्गाने त्यांचेच ऐकावे असे मला मनापासून वाटते.

हिवाळ्यात रात्रीच्या लाइटवर हरभऱ्याला पाणी द्यायला वडिलांबरोबर गेलेल्या मुलाला दूरच्या गावातले भजन स्पष्ट ऐकू येते. रात्री शांतता असते, हे त्याचे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरची तुलनेने उबदार राहते. तापमान एक अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे वरच्या थरात पुढे सरकलेला तरंग खाली वळतो आणि वर निघून जाणारा आवाज पुन्हा जमिनीकडे येतो. उन्हाळ्यात भर दुपारी रान तापलेले असताना याच्या उलट घडते. तरंग वर वळतो, आणि बांधावरून मारलेली हाक पलीकडच्या माणसापर्यंत धड पोहोचत नाही.

वळवाच्या पावसात वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले, की अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. मुलांना हे मोजणे फार आवडते, पण ते पक्क्या घरात बसूनच करायला मी सांगते, कारण गडगडाट ऐकू येण्याइतकी जवळ असलेली वीज पुढच्या वेळी आपल्याच शिवारात पडू शकते.