सनांकुया

सनांकुया : पश्चिम आफ्रिकेतील मांदे भाषक समाजांत ठरावीक कुळांमध्ये चालत आलेले थट्टेचे नाते. माली हा त्याचा मुख्य प्रदेश. सेनेगल, गिनी, बुर्किना फासो, नायजर येथेही असे प्रघात वेगवेगळ्या नावांनी आढळतात.

आडनाव कळले की थट्टा सुरू होते. केइता आडनावाच्या माणसाला कुलिबाली भेटला, की तो त्याला ‘चवळी खाणारा’ म्हणून चिडवतो आणि कुलिबाली तेच त्याच्यावर उलटवतो. ‘तू माझा गुलाम’ हे दुसरे ठरलेले वाक्य. वास्तविक चवळी मालीत सगळेच खातात, त्यामुळे परक्याला यात हसण्यासारखे काही सापडत नाही. नाते नसलेल्याने हेच शब्द वापरले तर मात्र तो अपमान ठरतो.

या विनोदाचे बळ त्याच्या जुनेपणात आहे. आजोबांनी केलेली थट्टाच नातू करतो. नवे सुचण्याची कोणाची अपेक्षा नसते. ‘चवळी’ म्हणणारा आपण एकमेकांचे कोण लागतो ते सांगत असतो आणि ऐकणाऱ्याला रागावण्याची मुभा नसते. याच कारणाने भांडणात अशा नात्यातला माणूस मध्ये पडला, तर त्याचा शब्द सहसा मोडत नाहीत. बुर्किना फासोत मोसी आणि सामो या संपूर्ण जमातींमध्येच हे नाते आहे. तेथे अंत्यविधीतही थट्टेला मज्जाव नाही. मृताची नक्कल करून शोक करणाऱ्यांना हसवले जाते.

परंपरा या प्रथेचे श्रेय माली साम्राज्याचा संस्थापक, तेराव्या शतकातील सम्राट सुंदियाता केइता याला देते. ती कथा मौखिक आहे, तिला कागदोपत्री इतिहास मानू नये.

मानवशास्त्रज्ञ मार्सेल मोस (१९२६) आणि रॅडक्लिफ-ब्राऊन (१९४०) यांनी अशा नात्यांची मांडणी केली. दुरावा आणि सोयरीक एकत्र नांदतात तेथे संमत अनादर उपयोगी पडतो, असे रॅडक्लिफ-ब्राऊन यांचे म्हणणे. आपल्याकडील मेहुणा-मेहुणी, दीर-भावजय यांची थट्टा याच जातीची, पण ती लग्नाने जडते. सनांकुया आडनावाबरोबर जन्मतःच मिळते.

नायजरमधील अशा प्रथांचा युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. या नात्याचा राजकीय परिणाम राज्यशास्त्रज्ञ थॅड डनिंग व लॉरेन हॅरिसन यांनी मालीत प्रयोगाने तपासला (२०१०) : उमेदवार दुसऱ्या जमातीचा असला, तरी त्याचे आडनाव थट्टेच्या नात्यातले असेल तर मतदारांच्या मनातील परकेपणा बराच कमी होतो, असे त्यांना आढळले.