मुंबईचा वीकएंड: हॉटेल बुक करण्याआधी हे वाचा

पुणे, नाशिक आणि कोल्हापूरहून शनिवार-रविवारसाठी मुंबईला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. मुंबई तुम्हाला नवी नाही, हे आम्ही धरून चालतो. गेटवे, राणीची बाग, चौपाटी हे सगळं शाळेच्या सहलीत पाहून झालेलं असतं. आता हवं असतं ते एखादं नाटक किंवा मैफल, एक-दोन संग्रहालयं आणि रात्री गाणी ऐकत बसता येईल अशी चांगली जागा. अशा चौकशा आमच्याकडे सतत येतात आणि त्यातल्या बऱ्याच एकाच वाक्याने सुरू होतात: "हॉटेल बुक केलंय, आता काय काय बघता येईल तेवढं सांगा."

सगळा घोळ इथेच होतो.

हे हॉटेल बहुतेक वेळा अंधेरी पूर्वेला, विमानतळाजवळ, वाशीत किंवा ठाण्यात असतं. ॲपवर फोटो चांगले दिसतात आणि कुलाब्याच्या मानाने दर बराच कमी असतो, त्यामुळे मोह होणारच. कार्यक्रम मात्र ठरलेला असतो दक्षिण मुंबईतला. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी नरिमन पॉइंटला एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्रात कार्यक्रम, रात्री कुलाबा. मग हिशेब कसा होतो पाहा. डेक्कन क्वीनने साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला उतरलात. बॅगा घेऊन संग्रहालयात फिरता येत नाही, म्हणून आधी अंधेरी गाठली. तिथे कळतं की खोली दोन वाजता मिळेल. जेवण आणि आंघोळ उरकून परत फोर्टात पोहोचेपर्यंत साडेचार वाजतात आणि संग्रहालय सहाला बंद होतं. कार्यक्रम होतो, जेवण होतं, कुलाब्यात मजा येते. पण एक-दीड वाजता बाहेर पडल्यावर अंधेरी जवळजवळ पंचवीस किलोमीटरवर असते.

यावर "मेट्रो झालीय ना आता?" असं हमखास विचारलं जातं. झाली आहे, आणि उत्तम झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, दादर, बीकेसी, विमानतळ ही सगळी ठिकाणं तिच्यावर आहेत. दिवसा आम्हीही तुम्हाला तिच्यानेच फिरवतो. पण तिच्या शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या आसपास सुटतात आणि आठचं नाटक त्याच सुमारास संपतं. शेवटची लोकल साडेबारा-एकच्या दरम्यान निघून जाते, तर बार दीडपर्यंत चालू असतात. म्हणजे रात्र खऱ्या अर्थाने संपते तेव्हा हाताशी फक्त टॅक्सी उरते. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर पंचवीस टक्के जादा लागतात. ॲपच्या टॅक्सीचा दर शनिवारी रात्री किती चढेल त्याचा नेम नाही. रिक्षाचा तर विचारच सोडा, कारण वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही. खोलीत वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात आणि दोन दिवसांतले चार-पाच तास रस्त्यावर जातात ते वेगळेच.

म्हणून आमचा नियम असा आहे: रात्र जिथे संपते तिथे मुक्काम. दिवसा हॉटेल लांब असलं तरी फारसं बिघडत नाही, कारण लोकल आहे, मेट्रो आहे. रात्री मात्र पंधरा-वीस मिनिटांच्या आत खोली हवी. त्यामुळे बुकिंगचा क्रम उलटा लावावा लागतो. सगळ्यात आधी ठरलेल्या वेळेचं तिकीट, म्हणजे नाटक, मैफल किंवा शो. मग त्याच भागातली रात्रीची जागा. मग हॉटेल. परतीचं रेल्वे तिकीट हॉटेल ठरवाल त्याच दिवशी काढून टाका. संग्रहालयं, खाणं, खरेदी हे सगळं शेवटी मधल्या वेळात बसवायचं. ते कुठेही बसतं, नाटकाची वेळ मात्र सरकत नाही.

कोणती बाजू निवडावी

एका वीकएंडला मुंबईची एकच बाजू धरा. आमच्या मते बाजू तीन आहेत. पहिल्यांदाच असा वीकएंड करणाऱ्यांनी दक्षिण मुंबईच घ्यावी, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

कारण तिथे चालत जाण्याच्या अंतरात जेवढं आहे तेवढं महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. वस्तुसंग्रहालय, समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी या तिन्ही जागा एकमेकींपासून पाच-सात मिनिटांवर आहेत. आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून रविवार-सोमवार सुट्टी जोडून येणाऱ्यांनी ते रविवारीच पाहावं. जहांगीरला प्रवेश मोफत आहे आणि ती सकाळी अकराला उघडते. वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. पूर्ण पाहायला अख्खा दिवसही कमी पडेल, पण वीकएंडला ते पूर्ण पाहायचा हट्ट धरू नका. शिल्पदालन, मीरपूरखासच्या मृण्मूर्ती आणि लघुचित्रं एवढंच नीट पाहा, दोन तास पुरतात. सगळी दालनं पालथी घालणारे ग्राहक संध्याकाळी मैफलीत पेंगतात आणि महागडं तिकीट वाया जातं.

चार वाजता चहा घेऊन ओव्हल मैदानावर जा. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या गॉथिक इमारती दिसतात आणि पश्चिमेला गोलाकार गच्च्या-बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पाचच्या सुमारास मावळतीचं ऊन थेट गॉथिक इमारतींच्या तोंडावर पडतं आणि दगडातलं कोरीव काम उठून दिसतं. सकाळी तीच बाजू सावलीत असते, म्हणून हा फेरफटका आम्ही नेहमी संध्याकाळीच लावतो. तिथून एनसीपीए टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे. चालत गेलात तर मरीन ड्राइव्हवरून जाता येतं. गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये कार्यक्रम असेल तर तोही याच बाजूला मोजा. शंभर वर्षांहून जुनं हे नाट्यगृह डागडुजीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं आणि केवळ आतली सजावट पाहण्यासाठीही तिकीट काढावं असं आहे.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव नऊ दिवस चालतो. कार्यक्रम बहुतेक मोफत असतात, पण त्या शनिवार-रविवारी फोर्ट-कुलाब्यातल्या खोल्या लवकर संपतात आणि दर चढतात. त्या तारखांची चौकशी डिसेंबरातच करा.

दुसरी बाजू दादर-परळची, मराठी नाटकवाल्यांसाठी. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यगृह, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर जवळजवळ आहेत आणि नाटकानंतर लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारातली रेस्टॉरंट्स आणि पब वीसेक मिनिटांत गाठता येतात. इथली अडचण वेगळी आहे. एनसीपीएचं वेळापत्रक बरंच आधी लागतं, पण व्यावसायिक नाटकांच्या प्रयोगांच्या जाहिराती बहुधा आठवडा-दहा दिवस आधीच येतात. तेवढ्यासाठी हॉटेल अडवून ठेवायचं तर फुकट रद्द करता येणारी खोली हवी. ती शे-दोनशे रुपयांनी महाग पडली तरी आम्ही तीच घेतो.

तिसरी बाजू वांद्रे-जुहू. इथे पृथ्वी थिएटर आहे आणि रात्रीच्या जागा वांद्रे-खारला आहेत. पृथ्वीत उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत. विनंती करून, लांबून आलोय म्हणून सांगून उपयोग होत नाही. खुर्च्यांना क्रमांकही नसतात, जो आधी रांगेत तो पुढे. प्रयोगाच्या निदान अर्धा तास आधी तिथे पोहोचा; तिथल्या कॅफेत वेळ छान जातो. बीकेसीमधल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरचे मोठे शोही याच बाजूला जोडता येतात.

रात्रीबद्दल थोडं स्पष्ट

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय एकवीस पूर्ण लागतं आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी पंचवीस. तेवीस वर्षांच्या मुलामुलींचा ग्रुप दारातून परत फिरतो तो यामुळे. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा किंवा डिजिलॉकर उघडून ठेवा. मोबाईलमधला फोटो अनेक ठिकाणी चालत नाही. हॉटेलातही प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही.

फक्त मुलांच्या ग्रुपला बऱ्याच क्लबांत शनिवारी प्रवेश मिळत नाही. हा क्लबांचा नियम आहे आणि आम्ही तो बदलू शकत नाही. चार मित्र जाणार असाल तर आम्ही लाइव्ह संगीताच्या किंवा कॉमेडीच्या जागा सुचवतो. तिथे नाव-तिकीट असलं की प्रश्न येत नाही. क्लबात चपला आणि हाफ पँट चालत नाहीत. कव्हर चार्ज म्हणजे प्रवेश फी असेल असं समजू नका. बहुतेक ठिकाणी ती रक्कम खाण्यापिण्याच्या बिलात वळती होते, मात्र सगळीकडे नाही, म्हणून टेबल बुक करतानाच "रक्कम पूर्ण वळती होते का?" हे विचारा.

गच्चीवरच्या जागांची हौस सगळ्यांना असते. पण उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे तिथे दहाला संगीत बंद होतं. नाचायचं असेल तर बंदिस्त हॉल निवडा. गच्ची सात ते दहासाठी छान. स्वयंपाकघर बारआधी बंद होतं, तेव्हा जेवण बारापर्यंत मागवून घ्या.

आणि ड्राय डे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे सर्वांना आठवतात. विसरले जातात ते निवडणुकीचे. मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास दारूविक्री बंद असते. मतदान सोमवारी असेल तर तुमची शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार कोरडा जातो. तारीख पक्की करण्याआधी आम्ही हे तपासतोच.

रविवार

रविवारी लोकलवर मेगाब्लॉक असतो. मध्य आणि हार्बर मार्गावर साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत गाड्या वळवतात किंवा रद्द करतात. पश्चिम मार्गावरही अधूनमधून ब्लॉक असतो. वेळा दोन-तीन दिवस आधी जाहीर होतात. आम्ही त्या शुक्रवारी तुम्हाला व्हॉट्सॲपवर कळवतो आणि रविवारचं फिरणं मेट्रोवर टाकतो.

रात्री दोनला झोपून रविवारी सकाळी घारापुरीला जायचा बेत आम्ही करून देत नाही. यावर ग्राहक नाराज होतात, पण कारण ऐका. गेटवेहून बोटीला एका बाजूला तासभर लागतो. वर चढायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. लेणी पाहून गेटवेला परत येईपर्यंत साडेचार-पाच तास सहज जातात. दहाची बोट पकडली तर तीन वाजतात, मग जेवण, हॉटेलातून बॅगा आणि पाचच्या आत सीएसएमटी. ५:१० ची डेक्कन क्वीन चुकली की पुढच्या गाडीत उभं राहून पुण्याला. घारापुरी हवीच असेल तर शनिवारी करा आणि संध्याकाळ हलकी ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात हवामान पाहून बोटी रद्द होतात.

परतीची तिकिटं जाण्याच्या तिकिटांआधी काढा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि रविवार संध्याकाळच्या गाड्या आधी भरतात. कोल्हापूरकरांना महालक्ष्मी एक्स्प्रेसचा फायदा असा की शनिवारी सकाळी लवकर पोहोचता आणि रविवारी रात्री निघता; दोन्ही दिवस पूर्ण मिळतात. गाडीने येणाऱ्या पुणेकरांना एक दिलासा आहे. शनिवारी सकाळी मुंबईकर लोणावळ्याकडे निघतात आणि रविवारी संध्याकाळी परततात, म्हणजे घाटातली मोठी कोंडी बहुधा तुमच्या समोरच्या बाजूला असते. दक्षिण मुंबईसाठी अटल सेतूवरून शिवडीला उतरा. हॉटेलला पार्किंग आहे का ते मात्र आधी विचारा, फोर्ट-कुलाब्यात अनेक ठिकाणी ते नसतं.

आम्ही दर लगेच का सांगत नाही

फोनवर "दोन माणसं, एक रात्र, किती?" असं विचारलं तर आम्ही उलट "संध्याकाळी काय करणार?" असं विचारतो. टाळाटाळ म्हणून नाही. संध्याकाळ कळल्याशिवाय भाग ठरत नाही आणि भागाशिवाय खोलीचा दर सांगणं म्हणजे अंदाजपंचे बोलणं. एका दिवसात ठरलेल्या वेळेचा एकच कार्यक्रम घालतो, दुसरा नाही, कारण पहिला लांबला की दुसरा हातचा जातो. आखणीचं शुल्क आगाऊ घेतो, कारण काम तिथेच असतं. खोली आमच्याकडून घेतलीत तर ते बिलात वळतं करतो.

हॉटेल आधीच बुक केलं असेल तरी फोन करा. ते फुकट रद्द करण्याची मुदत उरली आहे का, हे आधी पाहतो. उरली नसेल तर त्या हॉटेलाच्या बाजूचा कार्यक्रम शोधून देतो. ठाण्यातल्या हॉटेलाला गडकरी रंगायतन आणि काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळ पडतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

चौकशी करताना व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: तारखा, कुठून येणार, किती जण आणि त्यांची वयं, नाटक-मैफल-कॉमेडी-क्लब यांपैकी सगळ्यात जास्त काय हवं ते एकच, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायची तयारी आहे, आणि जिने चढायला कुणाला त्रास होतो का. कुलाब्यातली बरीच जुनी हॉटेलं लिफ्टविना आहेत, म्हणून शेवटचा प्रश्न.