मॅनिफोल्डची गळती जोर लावून थांबत नाही

‘एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गळतोय? नट आणखी आवळा,’ हा सल्ला जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांमध्ये कायम फिरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून सायलेन्सरच्या नळीकडे नेणारा, इंजिनाला नटांनी जोडलेला भाग. नट सैल असेल तर तो लागूही पडतो. पण बिडाचा मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं तापून-निवून अनेकदा वाकलेला असतो. जादा जोराने फट मिटत नाही, उलट गंजलेला स्टड (नट ज्यावर चढतो तो आटेदार दांडा) सिलिंडर हेडमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातच, तुटू शकतो, आणि तो काढणं फार जिकिरीचं.

थंड इंजिन सुरू करताच टिक-टिक, तापल्यावर ती कमी, सांध्यापाशी काजळीचा ओघळ: गळती तिथेच. स्टडवर आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं तेल) सोडा. मॅनिफोल्ड उतरवून फ्लँजवर, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या सपाट बाजूवर, पोलादी पट्टी उभ्या धारेवर ठेवा, खाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवा. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जाड पाती शिरली तर फेसिंग करून घ्या, म्हणजे ती बाजू मशीनवर सपाट करून घ्या. गॅस्केट (सांध्यात बसणारं सील) नवीच हवी; नट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळा.