इनडोअर लांब पल्ल्याची रेस: डावपेच आणि रेकॉर्ड

इनडोअर ट्रॅकवरच्या १५००, मैल, ३००० आणि ५००० मीटरच्या मोठ्या रेस दिसायला सारख्या असल्या तरी त्या दोन वेगळ्या जातीच्या असतात. एक मेडलची रेस, तिथे टायमिंग कितीही येवो, पहिला कोण आला एवढंच बघतात. दुसरी रेकॉर्डची, तिथे पेसर (ठरलेल्या वेगाने काही लॅप पुढे पळून देणारे) लावलेले असतात, ट्रॅकच्या कडेने तोच वेग दाखवणारे दिवे पळत असतात, आणि मागे कोण राहिलं याच्याशी फारसं घेणंदेणं नसतं. दोन्हींना लागणारी तयारी वेगळी, डोकं वेगळं, आणि बऱ्याचदा जिंकणारा माणूसही वेगळा. आपल्याकडे टीव्हीवर किंवा मोबाईलवर रेस बघणारे बहुतेक जण फक्त आकडा बघतात आणि "हळू पळाले" म्हणून मोकळे होतात, ते बरोबर नाही, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

ट्रॅक छोटा, म्हणून सगळा खेळ

बाहेरचा ट्रॅक ४०० मीटरचा आणि सपाट, इनडोअरचा २०० मीटरचा आणि वळणावर तिरका उचललेला. २०२३ च्या शेवटापासून वर्ल्ड अॅथलेटिक्स ही जागतिक संघटना याला शॉर्ट ट्रॅक म्हणायला लागलं, पण बोलताना सगळे इनडोअरच म्हणतात. आमच्या ग्वाल्हेरच्या माणसाला हे तिरकं वळण समजवायला वेळ लागत नाही, कारण मेळ्यातला मौत का कुआँ लहानपणापासून बघितलेला असतो, मोटारसायकल भिंतीला चिकटून राहते ती वेगाच्या जोरावर, वेग पडला की ती खाली यायला लागते. ट्रॅकचं वळण अर्थातच तेवढं उभं नसतं, नियमाने जास्तीत जास्त १५ अंश, पण तत्त्व तेच. जोरात पळणाऱ्याला वळण सांभाळून घेतं आणि हळू पळणाऱ्याला आतल्या बाजूला खाली ओढतं. (आपला मेळा आणि इनडोअरचा सीझन दोन्ही भर थंडीत जानेवारी-फेब्रुवारीलाच असतात, त्यामुळे ही तुलना आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी करतंच.)

आता हिशोब बघा. वळणावर पहिली लेन सोडून दुसऱ्या लेनमधून पळालं तर एका लॅपला साधारण ६ मीटर जास्त पडतात. ३००० मीटरला १५ लॅप, म्हणजे कोणी पूर्ण रेस बाहेरून काढली तर ९० मीटरच्या आसपास फुकट पळाला, आणि रेकॉर्डच्या वेगाने ९० मीटर म्हणजे १३ सेकंद गेले. म्हणून ओव्हरटेक करायचं तर सरळ पट्टीवर, आणि ती सरळ पट्टी ५० मीटरचीही नसते, सुरू झाली म्हणेपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. त्यामुळे पुढे असणाऱ्याच्या हातात रेसची दोरी असते. मागच्याला हवेचा अडथळा कमी, म्हणून त्याची ताकद वाचते, पण तो आतल्या कडेला लागून पळत असेल आणि बाजूला एक, पुढे एक असे दोघं आले की तो बॉक्स झाला, पायात कितीही जोर असला तरी बाहेर पडायला जागाच नाही. ४०० मीटरच्या ट्रॅकवर अशी चूक निस्तरायला लांब सरळ पट्टी मिळते, इथे तेवढ्यात घंटा वाजून शेवटचा लॅप सुरू झालेला असतो.

रेकॉर्डची रेस

यात सगळं आधी ठरलेलं असतं. कोणता ट्रॅक, किती पेसर, कोणी किती लॅप ओढायचं, दिवे कोणत्या वेगावर लावायचे. फ्रान्समधलं लिएव्हां, अमेरिकेत बॉस्टन आणि न्यूयॉर्क ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणं. डॅनियल कोमेनने फेब्रुवारी १९९८ मध्ये बुडापेस्टला ३००० मीटर ७:२४.९० मध्ये काढलं आणि तो आकडा २५ वर्षं कोणाला हलला नाही, शेवटी लामेचा गिर्माने २०२३ मध्ये लिएव्हांला ७:२३.८१ केलं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये तर रेकॉर्डची रांगच लागली. ८ तारखेला न्यूयॉर्कच्या मिलरोझ गेम्समध्ये ग्रँट फिशर ७:२२.९१, म्हणजे दर २०० मीटरला साडेएकोणतीस सेकंद, असे १५ वेळा. त्याच दिवशी यारेड नुगुसेने मैल ३:४६.६३ मध्ये काढला आणि पाचच दिवसांनी याकोब इंगेब्रिग्टसनने लिएव्हांला तो ३:४५.१४ वर नेला, जाता जाता १५०० चा रेकॉर्डही ३:२९.६३ ने त्याच रेसमध्ये मोडला. फिशरने १४ तारखेला बॉस्टनला ५००० मीटर १२:४४.०९ मध्ये पळून केनेनिसा बेकेलेचा २००४ चा १२:४९.६० पण पुसला.

हे सगळं बघून डोळे दिपतात आणि दिपायलाच हवेत, पेसर आणि दिवे असले तरी पाय स्वतःचेच हलवायचे असतात, आणि पेसर बाजूला झाल्यावरचे ते शेवटचे लॅप माणूस एकटा, घड्याळाशी. फिशरच्या रेसमध्ये तर कोल हॉकर शेवटपर्यंत मागे चिकटून होता आणि ७:२३.१४ ला आला, जुन्या रेकॉर्डच्या आत येऊनही दुसरा. अशी रेस क्वचित बघायला मिळते, मेडलची चुरस आणि रेकॉर्ड दोन्ही एकाच ठिकाणी.

मेडलची रेस

वर्ल्ड इनडोअर चॅम्पियनशिपमध्ये पेसर नसतो. मग पुढे कोण जाणार? पुढे जाणारा बाकीच्यांसाठी पेसर होतो, हे सगळ्यांना माहीत, म्हणून कोणीच जात नाही. २०१८ ला बर्मिंगहॅमच्या ३००० च्या फायनलमध्ये योमिफ केजेल्चा ८:१४.४१ मध्ये जिंकला, तेव्हाच्या रेकॉर्डपेक्षा जवळजवळ ५० सेकंद हळू, दर लॅपला ३३ सेकंद. आकडा बघून कोणी नाक मुरडेल, पण त्याच केजेल्चाने पुढच्याच वर्षी बॉस्टनला मैलाचा ३:४७.०१ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला. म्हणजे पळता येत नव्हतं असं नाही, त्या दिवशी तसं पळायचं होतं.

सगळ्यात बोलका किस्सा २०२२ चा. फेब्रुवारीत इंगेब्रिग्टसनने लिएव्हांला ३:३०.६० करून १५०० चा रेकॉर्ड सॅम्युएल तेफेराकडून घेतला, आणि महिन्याभरात बेलग्रेडच्या फायनलमध्ये तेफेरा त्याच्या मागे शांत बसून राहिला, शेवटच्या सरळ पट्टीवर बाहेर आला आणि ३:३२.७७ विरुद्ध ३:३३.०२ असं गोल्ड घेऊन गेला. इंगेब्रिग्टसनची नंतर कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली, हे सांगायलाच हवं, पण म्हणून तेफेराचं डोकं कमी ठरत नाही. २०२४ ला ग्लासगोमध्ये १५०० च्या फायनलला न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश शेवटच्या लॅपला बराच मागे होता आणि सगळ्यांना बाहेरून काढत ३:३६.५४ ला पहिला आला. हाच बीमिश २०२५ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ३००० स्टीपलचेसला (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची रेस) ८:३३.८८ अशा हळू फायनलमध्ये सुफियान एल बक्कालीला शेवटच्या क्षणी गाठून जिंकला. तो लीडरच्या मागे किती अंतर ठेवतो ते नीट बघा, शिकण्यासारखं आहे.

याच्या उलट गिर्मा. स्टीपलचेसचा वर्ल्ड रेकॉर्ड (७:५२.११, पॅरिस २०२३) त्याचा, इनडोअर ३००० चा रेकॉर्डही काही काळ त्याचा, आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपला २०१९, २०२२, २०२३ आणि टोकियो ऑलिंपिकला सिल्व्हर, २०२२ च्या बेलग्रेड इनडोअरलाही ७:४१.६३ ने सिल्व्हरच, सेलेमोन बारेगाच्या पाव सेकंद मागे. त्याला कमी लेखावं असं मला कधीच वाटत नाही, उलट त्याच्या रेस बघताना जीव तुटतो. पण रेकॉर्ड आणि गोल्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याच्याइतकं स्पष्ट कोणाच्या करिअरमध्ये दिसत नाही.

इंगेब्रिग्टसन मात्र शिकला. मार्च २०२५ ला नानजिंगमध्ये १५०० आणि ३००० दोन्ही गोल्ड, १९९९ मध्ये हाइले गेब्रसेलासीने माएबाशीला केलं होतं तसं. १५०० चं टायमिंग ३:३८.७९, स्वतःच्या महिन्याभरापूर्वीच्या रेकॉर्डपेक्षा ९ सेकंद हळू, आणि ३००० ला ७:४६.०९.

आपल्याकडे

ग्वाल्हेर हे खेळाच्या शिक्षणाचं जुनं गाव, लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून इथे आहे आणि देशभरातले पीटी सर आणि कोच इथून शिकून गेलेत. लष्कर भागातल्या मराठी घरांतली मुलंही सकाळी धावायला जातात, कोणी भरतीसाठी, कोणी खरंच आवडतं म्हणून. पण तयारी सगळी स्टॉपवॉचवर. ट्रायलला टायमिंग मागतात म्हणून टायमिंगच शिकवलं जातं, खांद्याला खांदा लावून पळणं, बॉक्समधून निघणं, कधी थांबायचं, हे कोणी मुद्दाम करून घेत नाही. त्यासाठी तिरका ट्रॅकच हवा असंही नाही, मैदानावर चुन्याने २०० मीटरचा गोल आखला आणि सात-आठ जणांना एकत्र सोडलं तरी दोन आठवड्यांत पोरांना जागा धरता यायला लागते. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमला आता इनडोअर सेंटर झालंय, म्हणजे पुढे तिकडे जाणाऱ्या मुलांना हे लागणारच.

दोन्ही जमवणारा आपला माणूस म्हणजे गुलवीर सिंग. फेब्रुवारी २०२५ ला बॉस्टनच्या इनडोअर ट्रॅकवर ५००० मीटर १२:५९.७७, १३ मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय, आणि त्या रेसमध्ये तो चौथा होता. मे महिन्यात कोरियात गुमीला आशियाई चॅम्पियनशिपमध्ये त्याच अंतराला १३:२४.७७, बरोब्बर २५ सेकंद हळू, आणि गोल्ड.